चाळीस डोकी

११ जानेवारी

टिल्ले,

तुला आता मोठमोठे लोक 'मॅडम' म्हणतात, तेव्हा टिल्ली म्हणावं की नाही, या विचारात पाच मिनिटं गेली. धाकट्या बहिणीला दुसरं काय म्हणायचं ते मला येत नाही, म्हणून तेच लिहिलं.

मेसेज तू वाचत नाहीस, फोन उचलत नाहीस. कागद बंद करून ठेवायची सोय मात्र अजून कुणी काढलेली नाही.

आईने तुझी मुलाखत कापून फ्रिजवर लावली आहे. दूध काढायला गेलं की तू हसतेस. फोटो छान आलाय. कोट नवीन दिसतो. तू म्हणाली आहेस, 'आमचं यंत्र चाकांवर चालतं, साध्या प्लगवर चालतं, डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या खाटेपाशी जातं आणि तीन मिनिटांत त्याच्या मेंदूचं चित्र देतं.' सगळं खरं आहे. फक्त 'आमचं' या शब्दापाशी मी जरा थांबले. चुंबकाचे दोन हजार तीनशे ठोकळे मी हाताने चिकटवले, टिल्ले, एकेक करून. दोन ठोकळ्यांमध्ये सापडून डाव्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. मुलाखतीत अंगठ्याला जागा नसते, हे मला कळतं.

पुढे तू लिहिलंयस की एवढ्या लहान चुंबकाने चित्र धुक्यातून बघावं तसं येतं, आणि ते धुकं तुझा प्रोग्रॅम पुसतो. चाळीस निरोगी डोकी बघून तो शिकला, मेंदू कसा असतो ते. हेही खरं. ती चाळीस डोकी मी जमवून पाठवली. त्याबद्दल शेवटच्या ओळीत 'सर्व संबंधितांचे आभार' आहेत. मी संबंधित आहे. बरं वाटलं.

सोमवारी यंत्र चाचणीसाठी दवाखान्यात जातंय. प्रोग्रॅम तुझा, हातगाडी माझी. या दवाखान्यात मेंदूचं चित्र काढायचं दुसरं कुठलंच साधन नाही. मोठं यंत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, गाडीने पाऊण तास. कुणाला तिकडे पाठवायचं आणि कुणाला इथेच ठेवायचं, ते ठरवायला आपलं चित्र मदत करणार. म्हणून अभिनंदन करायला हे पत्र.

आपल्या शेवटच्या भांडणात, आईच्या स्वयंपाकघरात, तू म्हणालीस, 'तू चुंबकं चिकटवतेस, ताई. विचार मी करते.' त्याला दीड वर्ष झालं. तू विसरली असशील. बोलणारा विसरतो, आणि ऐकणाऱ्याला तेच काम होऊन बसतं.

ताई


२ फेब्रुवारी

टिल्ले,

मागचं पत्र अजून पर्समध्येच आहे. वाचून बघितलं, तर अभिनंदन दोन शब्दांचं आणि बाकी सगळी मिरची. हे जरा बरं लिहीन म्हणते.

यंत्र उत्तम चाललंय. लिफ्ट सुरू झाली की पडद्यावर पट्टे यायचे, म्हणून मी बाजूला दोन अँटेना आणखी लावल्या. त्या बाहेरची खरखर ऐकतात आणि ती वजा करतात. हे कुणी विचारलं नाही, मी आपलं सांगते.

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई तुझ्या चित्रांवर लट्टू आहेत.

"काय स्वच्छ चित्र आहे हो! प्रोग्रॅम कुणाचा?"

"माझ्या बहिणीचा."

"अरे वा! आणि तुम्ही काय करता?"

"मी ढकलते."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोदी आहे.

आता ऐक. तीन आठवड्यांत नऊ जणांची चित्रं झाली. त्यांतल्या सात जणांची डावीकडची पोकळी उजवीपेक्षा मोठी. (तुला सांगायला नको, पण लिहून ठेवते: मेंदूच्या मधोमध पाण्याच्या दोन पोकळ्या असतात, एक डावी, एक उजवी, बहुतेकांच्या साधारण सारख्या.) डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या भागातल्या लोकांची डावी मोठीच असते की काय? पाण्यात काही असेल." नर्स म्हणाली, "मग आमचं आधी बघा, आम्ही इथलंच पाणी पितो." सगळे हसले. मीही हसले.

मग मी पडद्याजवळ गेले आणि हसू गेलं.

चार वर्षांपूर्वी यंत्रातून पहिलं चित्र आलं, ते माझ्या डोक्याचं. आठवतं? तू सगळ्या लॅबसमोर म्हणालीस, "ताई, तुझी डावी पोकळी केवढी मोठी! तरीच तुझं डोकं कमी आणि हात जास्त चालतात." त्या दिवसापासून लॅबमध्ये माझं नाव 'पोकळी' पडलं. मेकॅनिकसुद्धा म्हणायचा, "पोकळीताई, पाना द्या." मी ते चित्र इतक्या वेळा बघितलंय की डोळे मिटून काढून दाखवीन. मागचं टोक किंचित वर वळलेलं, जिलबीसारखं नाही, चमच्याच्या दांड्यासारखं.

त्या सात जणांच्या डोक्यांत तेच टोक आहे. लोकांच्या कवट्यांत तुझा प्रोग्रॅम माझा मेंदू काढतोय, टिल्ले.

मला काय वाटलं सांगू? आनंद झाला. परीक्षेत पहिली येणाऱ्या मुलीच्या फ्रॉकला मागून शाई लागलेली दिसावी तसा. मी कुणाला काही बोलले नाही. विचार तू करतेस ना? मग कर.

ताई


९ फेब्रुवारी

टिल्ले,

दोन्ही पत्रं पर्समध्येच आहेत. पोस्टाची पेटी रोज रस्त्यात लागते. मी पलीकडच्या फुटपाथवरून जाते.

काल आई म्हणाली, "धाकटीने फोन केला होता. तुझी चौकशी करत होती."

"काय म्हणाली?"

"ताईचं यंत्र नीट चाललंय ना, म्हणत होती."

"यंत्राची चौकशी केली मग. माझी कुठे?"

"अगं, तुझ्या यंत्राची म्हणजे तुझीच ना?" आई म्हणाली. "तू लहानपणापासून अशीच. तिला आंब्याची कोय दिली तरी तुला फोड कमी वाटायची."

पण कोयच मोठी असायची.

आता कामाचं. परवा भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं, आणि मी चिरतच राहिले. डावीकडे रक्त साचलं, तर ते मेंदूला दाबतं आणि डावी पोकळी चेपते. दोन पोकळ्या असमान दिसल्या की डॉक्टरांना कळतं, काहीतरी दाबतंय. चेपलेली पोकळी तुझ्या प्रोग्रॅमने माझ्या मापाने फुगवून दाखवली, तर दोन्ही सारख्या दिसतील. एकदम शहाण्या, निरोगी. म्हणजे ज्या माणसाला सगळ्यात आधी गाडीत घालायचं, तोच इथे राहील.

अजून तसं कुणी आलेलं नाही. नऊच्या नऊ जण धडधाकट आहेत, मी एकेकाला फोन करून विचारलं. कशासाठी विचारते, ते सांगितलं नाही.

तू म्हणशील, ताईचं डोकं चाळिसांत एकच आहे, एक नंबरचं, ते मी स्वतःच घातलंय. एका डोक्याने एवढं कसं बिघडेल? बरोबर आहे. पण माणसं मिळत नव्हती. तुला स्वच्छ नमुना हवा, म्हणून प्रत्येकाला दीड तास न हलता पडून राहायचं होतं. तू इथे असताना नुसतं विचारलंस की लोक रांग लावायचे. मी विचारलं की प्रत्येकाच्या घरी पाहुणे यायचे. तुझी मुदत जवळ आली होती. दोन-तीन वेळा मीच झोपले असेन, वेगळ्या नंबरांखाली. नक्की आठवत नाही.

उद्या डॉक्टरीणबाईंना सांगेन. किंवा आधी तुला. बघते.

ताई


१७ फेब्रुवारी

टिल्ले,

आज सकाळी साडेअकराला एक रंगारी आला. शिडीवरून पडला होता. डाव्या कानावर टेंगूळ, भुवईवर पांढरा रंग. बोलत होता, हसत होता.

"ताई, भिंत सरळच होती, मीच वाकडा पडलो."

"डोकं हलवू नका. तीन मिनिटं."

"आत काही सापडलं तर बायकोला सांगू नका हां. तिचं म्हणणं आहे, आत काही नाहीच."

बायको दाराशी उभी होती. "सापडलं तर मलाच दाखवा," ती म्हणाली, "वीस वर्षं शोधतेय."

चित्र आलं. तुझं चित्र, स्वच्छ. दोन्ही पोकळ्या सारख्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, मग घरी." आणि त्या दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

पुसण्याआधीचं, धुक्यातलं चित्र माझ्या छोट्या पडद्यावर येतं. चुंबक नीट आहे ना, तेवढ्यापुरतं मी ते बघते, बाकी कुणी बघत नाही. त्यात डावी पोकळी नव्हतीच. कुणी अंगठ्याने दाबल्यासारखी एक रेघ होती.

यानंतर बारा मिनिटं गेली. भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला माहीत आहे. त्या बारा मिनिटांत मी प्लग तपासला. केबल गुंडाळली. पुन्हा उलगडली. रंगाऱ्याला विचारलं, "डोकं दुखतंय का?" तो म्हणाला, "थोडं. झोप येतेय." मी केबल पुन्हा गुंडाळली.

काय विचार करत होते ते लिहिलं नाही, तर या पत्राला अर्थ नाही. हा माणूस गेला तर टिल्लीचं काय होईल, असा विचार करत होते. वाईट वाटून नाही. तुझा तो कोटातला फोटो फ्रिजवरून उतरताना मला दिसत होता.

मग त्याची बायको त्याला म्हणाली, "अहो, झोपू नका ना, माझ्याशी बोला." तो बोलला नाही.

मी धावत गेले. "बाई, याला आत्ता पाठवा. ते चित्र खोटं आहे."

"खोटं कशावरून?"

"त्यातली डावी पोकळी त्याची नाही."

"मग कुणाची?"

"माझी. हे डोकं माझं आहे, बाई."

त्यांनी माझ्या तोंडाकडे असं बघितलं, जणू शिडीवरून मीच पडले आहे. मग छोटा पडदा बघितला, रंगाऱ्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला, आणि पुढचं सगळं पळत झालं. पावणेदोनला तिकडे त्याचं डोकं उघडलं. कपभर रक्त निघालं.

तो आहे. शुद्धीवर आलाय. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत. मी विचारलं, बारा मिनिटं आधी सांगितलं असतं तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही फरक पडला नसता. मग थोड्या वेळाने, कुणी न विचारता, पुन्हा म्हणाल्या, "नसता पडला."

ताई


२३ फेब्रुवारी

टिल्ले,

तू काल मला फोन केलास. दीड वर्षाने. आवाज बसला होता.

"ताई, चूक माझी आहे. तुझा एक नंबरचा नमुना प्रोग्रॅमने डोक्यावर घेतला असणार, आणि माझ्या लक्षात आलं नाही. तू नुसत्या धुक्यातून ओळखलंस. माणूस वाचला तो तुझ्यामुळे."

मी म्हणाले, "असू दे."

'असू दे'! किती मोठ्या मनाची ताई.

चाचणी थांबली आहे. सगळ्यांना तेच वाटतंय जे तुला वाटतंय, आणि मी कुणाचंही वाटणं दुरुस्त केलेलं नाही. वॉर्डात गेले की नर्स खुर्ची पुढे करते. डॉक्टरीणबाईंनी अहवालात लिहिलंय, 'यंत्रनिर्मातीच्या अनुभवी नजरेमुळे'. निर्माती! मी तो कागद तीनदा वाचला, आणि एकदा आरशासमोर मोठ्याने. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं, "मोठी फार शांत, पण नजर बघा कशी." फ्रिजवर तुझ्या मुलाखतीशेजारी तिने माझा एक जुना फोटो लावलाय. त्यात मी डोळे मिटलेत. दुसरा सापडला नाही म्हणाली.

मला हे हवं होतं, टिल्ले. माझं वेगळं काही नको होतं. तुझंच हवं होतं, तुझ्याकडून काढून घेतलेलं. मिळालं. गोड आहे. चार दिवस झाले, अजून गोड आहे.

रंगाऱ्याच्या बायकोने माझे हात हातात घेतले. म्हणाली, "तुम्ही देवासारख्या." मी हात सोडवून घेतले. मला रंगाची ॲलर्जी आहे म्हणाले. तिच्या हाताला रंग नव्हता.

ताई


५ मार्च

टिल्ले,

आई सांगत होती, तुला कामावरून बाजूला केलंय आणि तेरा तारखेला चौकशी समितीसमोर उभं राहायचंय. प्रश्न एकच असणार: चाळीस नमुन्यांत एकच डोकं पुन्हा पुन्हा येतंय, हे प्रोग्रॅम करणारीला कसं कळलं नाही? तू म्हणणार, कळायला हवं होतं. तुझं सगळं त्या एका वाक्याने जाईल.

तर आता नक्की आठवतं ते लिहिते. दोन-तीन वेळा नाही. चौदा वेळा. तुझ्या चाळीस डोक्यांत एक नंबर सोडून आणखी चौदा माझी आहेत: ८, ११, १२, १७, १९, २०, २३, २५, २७, ३०, ३३, ३४, ३८, ४०. पंचवीस माणसं मला खरी मिळाली. पुढे मिळेनात, आणि 'मिळत नाहीत' असं तुला कळवायची मला लाज वाटली. तू लगेच म्हणाली असतीस, 'थांब, मी बघते.' आणि तू बघितलं असतंस, आणि आठवड्यात चौदा जण आले असते.

आठव्या नंबरला मी काहीच लपवलं नव्हतं. सरळ झोपले, नेहमीसारखी. मला वाटलं, तू फाईल उघडशील, ते चमच्याच्या दांड्याचं टोक बघशील, आणि भांडण विसरून फोन करशील: 'पोकळे, ही तर तू!' दीड तास न हलता मी त्या फोनची वाट बघत पडले होते. काय बोलायचं तेही ठरवलं होतं. तुझं उत्तर आलं: 'क्र. ८ उत्तम. असेच पाठवावेत.'

तू मला ओळखलं नाहीस. मग मी तसेच पाठवले.

आता मला कळतं की तू कामाच्या घाईत चाळीस फाईली मशीनला घातल्यास, एकही डोळ्यांनी उघडली नाहीस. ही तुझी चूक, आणि ती तू मान्य कर, तेवढी तुझ्या वाट्याची आहे. पण आठव्यानंतर मी राग धरून काम केलं, आणि रागात माझे हात फार चांगले चालतात. दर वेळी उशी बदलली. मान कधी डावीकडे, कधी खाली. नोंदीत वयं खोटी. सत्तावीस नंबरला मी पंचावन्न वर्षांचा पुरुष आहे, तेहेतीसला विद्यार्थिनी. हे शोधायचं म्हणून शोधलं असतंस, तरी सहज सापडलं नसतं. हे समितीला कळायला हवं. माझ्याशिवाय ते कुणालाच माहीत नाही.

काल रंगाऱ्याला भेटायला गेले आणि त्यालाही सगळं सांगितलं, बारा मिनिटांसकट. मला वाटलं होतं, ओरडेल. तो उजव्या हाताने चेंडू दाबायचा प्रयत्न करत होता. चेंडू पडला. मी उचलून द्यायला वाकले, तर म्हणाला, "राहू द्या. बायको देईल." एवढंच. मी बाहेर येऊन जिन्यात बसले.

या पत्राबरोबर आधीची पाचही पत्रं आहेत. एकही शब्द बदललेला नाही. तारखा नीट बघ. दोन फेब्रुवारीला मला कळलं होतं. नऊला मला धोकाही कळला होता. सतरापर्यंत मी गप्प होते, आणि त्यानंतरही, नुसतं कौतुक ऐकत. या कागदांत मी कशी आहे ते सगळं आहे, कोय आणि फोड आणि फ्रॉकची शाई. परके लोक ते टेबलावर पसरून वाचतील. पण तारखांनिशी दुसरा पुरावा नाही.

माझा हेवा गेला, असं लिहिणार होते. खोडलं. परवाच तुझ्याबद्दल ऐकून रडले, आणि रडतानाही मनात आलं, हिच्यासाठी आई दोन दिवस जेवली नाही, माझ्यासाठी जेवली नसती का?

मी तुला ओळखते. पाकीट उघडशील, वाचशील, आणि ताईला वाचवायचं म्हणून पत्रं कपाटात ठेवून देशील. समितीपुढे मान खाली घालून उभी राहशील, आणि आयुष्यभर माझ्यावर उपकार करून ठेवशील. तुझा हा चांगुलपणा मला कधीच सोसला नाही.

म्हणून पाचही पत्रांच्या आणि या पत्राच्या इथवरच्या प्रती काढून एक संच मी आज सकाळी समितीच्या कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने शिक्का मारून पोच दिली. तुझं पाकीट तुला मिळेल, तोवर त्यांचं वाचून झालेलं असेल. या एका बाबतीत तरी, टिल्ले, मी तुझ्याआधी पोचले.

ताई